यादी करणारी माणसं आणि लिंका मोजणारं मशीन

परवा भाचीने सहज विचारलं, मामा, गुगल नव्हतं तेव्हा लोक इंटरनेटवर शोधायचे कसं? म्हटलं, यादीत बघायचे. कसली यादी? माणसांनी बसून केलेली. तिचा विश्वासच बसेना, म्हणजे कोणीतरी एकेक साइट उघडून बघायचं आणि लिहून ठेवायचं? हो, अगदी तसंच. आणि तिला समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट पूर्वी माणसं करायची आता मशीन करतं एवढी सरळ नाहीये, मशीन जे करतं तेसुद्धा माणसांच्याच निवडीवर उभं आहे, आणि मराठीत सर्च करताना आपल्याला जो त्रास होतो त्याचं मूळही बऱ्यापैकी इथेच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, टेक्निकल काही येत नसलं तरी कळेल अशा बेताने.

सुरुवात १९९४ पासून करू. अमेरिकेत स्टॅनफर्डला जेरी यांग आणि डेव्हिड फायलो नावाचे दोन पीएचडीचे विद्यार्थी होते, त्यांनी स्वतःला आवडलेल्या साइट्सची यादी करायला घेतली. वेब तेव्हा इतकं छोटं होतं की असं करणं शक्य होतं. नाव ठेवलं 'जेरी अँड डेव्हिड्स गाइड टू द वर्ल्ड वाइड वेब'. दोघांच्या कॉम्प्युटरना सुमो पैलवानांची नावं होती, एक अकेबोनो आणि एक कोनिशिकी, त्यातल्या अकेबोनोवर ही यादी राहायची. यादी लांबत गेली तसे त्यांनी गट पाडले, गटात पोटगट पाडले, लोक येत गेले, आणि १९९५ च्या मार्चमध्ये त्याची याहू ही कंपनी झाली.

याहू म्हटलं की आज आपल्याला जुना मेल आयडी आठवतो, पण मूळ दुकान होतं ते या डिरेक्टरीचं. तिथे पगारी माणसं होती, त्यांना सर्फर म्हणायचे, त्यांचं काम दिवसभर साइट्स उघडून बघणं आणि कुठल्या खणात टाकायची ते ठरवणं. ही खणांची अख्खी रचना सांभाळणाऱ्या बाई होत्या श्रीनिजा श्रीनिवासन, कंपनीच्या पाचव्या कर्मचारी. त्यांच्या पदाचं नावच होतं 'ऑन्टोलॉजिकल याहू', म्हणजे जगातल्या गोष्टींची वर्गवारी कशी लावायची हे बघणारी व्यक्ती.

आता हे काम ऐकायला सोपं वाटतं पण आपण करून बघू. समजा लावणीवरची एक चांगली साइट आली. कुठे टाकाल? संगीतात? नृत्यात? रंगभूमीत, कारण तमाशाशी नातं आहे? की भारत, मग महाराष्ट्र, मग संस्कृती असं? चारही बरोबर आहेत आणि शोधणारा माणूस चारांपैकी कुठूनही येऊ शकतो. लायब्ररीत पुस्तक एकाच शेल्फवर राहतं, इथे तसं बंधन नव्हतं, म्हणून याहूने गटाच्या नावापुढे @ असं चिन्ह लावायची पद्धत ठेवली, त्याचा अर्थ हा गट खरं तर दुसरीकडे राहतो, क्लिक करा, तुम्हाला तिकडे पोचवतो. बारीकशी युक्ती आहे, पण ती सुचायला कोणीतरी वाचणाऱ्याच्या जागी बसून विचार करावा लागतो, आणि मला या माणसांच्या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो तो यासाठी.

याहूच्या शेजारी एक दुसरी यादी उभी राहिली, ती तर अजून मोठ्या मनाची. १९९८ च्या जूनमध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल या दोन इंजिनियरनी सुरू केली. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने ती त्याच वर्षी विकत घेतली आणि नाव पडलं ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, लोक मात्र डीमॉझ म्हणायचे. इथे पगारी कोणी नाही, सगळे स्वयंसेवक. तुम्हाला मधमाश्यांमधलं कळतं ना, मग मधमाश्यांचा गट तुम्ही सांभाळा. आलेली साइट उघडून बघायची, कामाची असेल तर तिच्याबद्दल एक-दोन साध्या ओळी लिहायच्या, त्यात 'सर्वोत्तम', 'नंबर वन' असली विशेषणं चालायची नाहीत, साइटवर काय आहे तेवढंच. आणि सगळी यादी फुकट, कोणीही उचलून आपल्या साइटवर वापरावी. खुद्द गुगलनेसुद्धा २००० सालापासून स्वतःची डिरेक्टरी चालवली होती, ती आतून डीमॉझचीच यादी होती, फक्त क्रम गुगलने लावलेला.

मग हे बंद का पडलं? याहूची डिरेक्टरी २०१४ च्या शेवटी बंद झाली, डीमॉझ २०१७ च्या मार्चमध्ये. बंद होताना डीमॉझमध्ये ३८ लाखांच्या वर साइट्स होत्या आणि सुरुवातीपासून मिळून ९० हजारांच्या वर लोकांनी तिथे हात लावला होता. एवढी माणसं लागूनही पुरलं नाही, आणि त्याची कारणं नीट बघण्यासारखी आहेत.

पहिलं म्हणजे वेग. साइट पाठवली की ती रांगेत, आणि त्या गटाचा एडिटर सहा महिने फिरकलाच नाही तर रांग तिथेच. दुसरं, यादीत एकदा गेलेली साइट मरते, विकली जाते, त्या पत्त्यावर भलतंच काहीतरी उगवतं, म्हणजे नवं घेण्याइतकंच जुनं झाडून काढायचं कामही सतत असतं आणि त्यात कोणाला गंमत वाटत नाही. तिसरं, ज्याच्या हातात गट त्याच्या हातात दरवाजा, मग आपल्या स्पर्धकाची साइट अडवून ठेवणं, पैसे मागणं असले आरोप व्हायला लागले. याहूने तर सरळ फी लावली, धंद्याची साइट असेल तर वर्षाला २९९ डॉलर, आणि तेही फक्त आम्ही बघू म्हणून, घेऊच असं नाही. चौथं कारण सगळ्यात मोठं, त्याकडे थोड्या वेळाने येतो.

आता दुसरी बाजू, मशीनची. क्रॉलर नावाचा प्रोग्राम असतो. तो एक पान उघडतो, त्यावरच्या सगळ्या लिंका टिपून घेतो, मग त्या लिंका उघडतो, तिथल्या लिंका टिपतो, आणि असाच चालत राहतो, रात्रंदिवस. तुम्ही त्याला काही पाठवायची गरज नाही, कोणीतरी तुमच्याकडे लिंक दिली असेल तर तो आपोआप येतो. आलेल्या पानावरचे शब्द तो एका प्रचंड शब्दसूचीत भरतो, जाड पुस्तकाच्या शेवटी असते ना, अमुक शब्द पान ४२, ९७, २१०, तशीच, फक्त सगळ्या वेबची. तुम्ही 'आंबा मोहोर रोग' टाइप केलं की मशीन वेब शोधायला बाहेर पडत नाही, ते आपल्या सूचीत आंब्याची ओळ काढतं, मोहोराची काढतं, रोगाची काढतं, आणि तिन्हींत जी पानं आहेत ती समोर ठेवतं. म्हणून सेकंदाच्या आत उत्तर येतं.

हे १९९५ च्या डिसेंबरमध्ये अल्टाव्हिस्टा नावाच्या सर्च इंजिनने मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं, लोक थक्क झाले होते. पण शब्द असलेली पानं सापडणं वेगळं आणि त्यातलं चांगलं कुठलं हे कळणं वेगळं. लाखभर पानांत आंबा, मोहोर, रोग हे शब्द आहेत, पहिलं कुठलं दाखवू? तेव्हाची इंजिनं बरंचसं शब्द किती वेळा आला, कुठे आला यावर जायची, मग लोकांनी पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द शेकडो वेळा लिहायला सुरुवात केली. अवस्था किती वाईट होती त्याचा एक नमुना गुगलच्या संस्थापकांनीच १९९८ च्या आपल्या संशोधनाच्या पेपरमध्ये दिलाय: नोव्हेंबर १९९७ मध्ये पहिल्या चार व्यावसायिक सर्च इंजिनांपैकी एकच असं होतं की त्याचं स्वतःचं नाव त्यातच शोधलं तर पहिल्या दहात ते सापडायचं. बाकीच्या तिघांना स्वतःचा पत्ता सांगता येत नव्हता!

त्याच पेपरमध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेजने माणसांच्या याद्यांबद्दलही लिहिलंय, की लोकप्रिय विषयांसाठी त्या चांगल्या असतात, पण करणाऱ्याच्या मतावर चालतात, करायला आणि राखायला महाग पडतात, सुधारायला वेळ लागतो आणि आडवाटेचे सगळे विषय त्यात मावत नाहीत. मला हे परीक्षण अगदी योग्य वाटतं.

त्यांनी काढलेला उपाय म्हणजे पेजरँक, आणि इथे जरा थांबून नीट बघू कारण सगळी गोम इथे आहे. आपण डॉक्टर कसा निवडतो? चार जणांना विचारतो. पण चौघांचं मत सारखं धरतो का? नाही. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात काम केलेल्या सिस्टरबाईंनी एक नाव घेतलं तर त्याला वजन, आणि समोर येईल त्याला दहा डॉक्टरांची नावं सांगणाऱ्या माणसाच्या शिफारशीला तेवढं नाही. पेजरँक हेच आकड्यात करतो. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे मत दिलं. समजा एका पानाची पत १० गुण आहे आणि त्याने दोनच पानांना लिंक दिलीय, तर दोघांना ५-५ गुण गेले. तेवढीच पत असलेल्या दुसऱ्या पानाने १०० लिंका वाटल्यात तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.१. मग ज्याला गुण मिळाले त्याची पत वाढली, त्यामुळे त्याने दिलेल्या लिंकांचं वजन वाढलं, त्यामुळे पुढच्यांची पत बदलली, हे गोल गोल फिरतं. मशीन सुरुवातीला सगळ्यांना सारखे गुण देतं आणि हा हिशेब पुन्हा पुन्हा करतं, हळूहळू आकडे हलायचे थांबतात, तो अंतिम क्रम. आणि एक सूट ठेवलीय, की लिंकांवरून फिरणारा माणूस मधेच कंटाळून कुठल्यातरी भलत्याच पानावर उडी मारेल, म्हणून साधारण ८५ टक्के गुण लिंकांवरून जातात आणि १५ टक्के सगळ्यांत सारखे वाटले जातात, नाहीतर एकमेकांनाच लिंका देणाऱ्या टोळक्यात गुण अडकून बसले असते. २ कोटी ६० लाख पानांचा हा हिशेब एका मध्यम ताकदीच्या कॉम्प्युटरवर काही तासांत होतो असं त्यांनी लिहिलं होतं. कल्पना तशी त्यांचीच एकट्यांची नव्हे, शास्त्रज्ञ एकमेकांच्या पेपरचे संदर्भ देतात ते मोजून कुठला पेपर महत्त्वाचा हे ठरवायची पद्धत आधीपासून होती, तीच वेबला लावली.

आता मला सांगा, यात मशीनने कुठलं पान चांगलं हे ठरवलं का? नाही ठरवलं. मशीनला आंबाही कळत नाही आणि मोहोरही. कुठेतरी कोकणातल्या एखाद्या कृषी अधिकाऱ्याने पान वाचलं, त्याला ते बरोबर वाटलं, त्याने आपल्या पानावर लिंक दिली, तो निर्णय माणसाचा. मशीनने अशा कोट्यवधी माणसांचे निर्णय गोळा करून मोजले. याहूत बसलेल्या सर्फरऐवजी जो जो लिंक देतो तो प्रत्येक माणूस न कळत सर्फर झाला.

आणि त्याच सुमाराला जॉन क्लाइनबर्ग नावाच्या संशोधकाने याच्या जोडीची एक कल्पना मांडली, ती मला पेजरँकपेक्षाही जास्त आवडते. तो म्हणाला, वेबवर दोन प्रकारची पानं असतात. एक, ज्यात खरी माहिती आहे. दुसरी, ज्यात स्वतःची माहिती फारशी नाही पण चांगल्या पानांच्या लिंका आहेत, म्हणजे यादीवाली, त्याने त्यांना हब म्हटलं. चांगला हब कोण? जो चांगल्या माहितीच्या पानांकडे बोट दाखवतो. चांगलं माहितीचं पान कुठलं? ज्याच्याकडे चांगले हब बोट दाखवतात. दोन्ही एकमेकांवरून मोजायचं. म्हणजे गणितातच मान्य केलं गेलं की यादी करणारा हाही वेगळा कसबी आहे.

याद्या बंद पडण्याचं चौथं कारण राहिलं होतं. गुगलने अनेकदा सांगितलंय की रोज येणाऱ्या प्रश्नांपैकी सुमारे १५ टक्के त्यांच्याकडे आधी कधीच आलेले नसतात. रोज! कुठलीही यादी करणारी टीम, कितीही मोठी असो, कधीच कोणी न विचारलेल्या प्रश्नाचं पान आधीपासून तयार ठेवू शकत नाही. २००७ साली जेसन कॅलकॅनिसने महालो नावाचं माणसांनी चालवलेलं सर्च इंजिन काढलं होतं, जास्त विचारल्या जाणाऱ्या विषयांची निकालपानं माणसं हाताने लिहायची. नेहमीच्या विषयांना ते चालायचं, पण माणूस आडवळणाचं काही विचारतो तेव्हाच तर त्याला सर्चची खरी गरज असते. पुढे २०११ मध्ये गुगलने उथळ पानांना खाली ढकलणारा पांडा नावाचा बदल केला त्यात महालोला जबर फटका बसला आणि ते त्यातून सावरलं नाही.

तेव्हा मशीन जिंकलं, आणि योग्य कारणांनी जिंकलं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मला रात्री दोन वाजता प्रिंटरचा विचित्र एरर कोड आला तर मी यादी शोधणार नाहीये.

पण ज्या क्षणी लिंक म्हणजे मत आणि मत म्हणजे पैसा हे लोकांना कळलं त्या क्षणी मतं विकायला लागली. लिंकांची शेती करणाऱ्या साइट्स निघाल्या, नुसत्या एकमेकांना लिंका द्यायला. लोकांच्या पानांखाली प्रतिक्रियांमध्ये औषधांच्या आणि जुगाराच्या लिंका चिकटवणारे प्रोग्राम सुटले, इतके की जानेवारी २००५ मध्ये मोठ्या सर्च इंजिनांनी एकत्र येऊन एक खूण ठरवली, नोफॉलो, म्हणजे ही लिंक मोजू नका. पुढे विकिपीडियाने बाहेरच्या सगळ्या लिंकांना ती खूण लावली. लक्षात घ्या काय झालं ते, जगातल्या सगळ्यात कष्टाळू निवडणाऱ्या माणसांच्या लिंकांवरच 'यांचं मत धरू नका' अशी खूण लागली, कारण चोरांनी दुसरा पर्यायच ठेवला नव्हता.

आणि जाहिराती. १९९८ च्या त्याच पेपरच्या शेवटी ब्रिन आणि पेजने लिहिलंय की जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाणार. दोन वर्षांत, २००० मध्ये, त्यांनीच जाहिराती सुरू केल्या. याचा चटका आमच्या घरात बसलाय. आमच्या काकांचं एक पार्सल अडकलं होतं, त्यांनी कुरियर कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर नंबर असं सर्च केलं, जो नंबर वर दिसला त्यावर फोन लावला. समोरचा माणूस इतका अदबीने बोलला की काकांनी त्याने सांगितलेलं अ‍ॅप टाकलं, पाच रुपये भरून पार्सल सुटेल म्हणाला ते भरले, आणि संध्याकाळपर्यंत खात्यातून चौदा हजार गेले. काका शिकलेले आहेत, बँकेत नोकरी केलेली आहे. ते एवढंच म्हणत होते, पण वर आला होता ना तो नंबर. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हे बसलंय की वर आलं म्हणजे कोणीतरी तपासलेलं असणार. यादीत नाव असलं की ते खरंच कोणीतरी तपासलेलं असायचं, मशीनच्या क्रमात तसं काही वचन नाही, पण आपण विश्वास मात्र जुनाच ठेवतो. (खात्यातून पैसे गेले तर ताबडतोब १९३० ला फोन करायचा, हे घरातल्या मोठ्यांना आजच सांगून ठेवा.)

माणूस मशीनच्या आतही आहे बरं का. गुगलकडे जगभर हजारो माणसं आहेत ज्यांचं काम निकाल बघून चांगले की वाईट ते सांगणं, त्यांच्यासाठी दीडशेहून जास्त पानांचं नियमांचं पुस्तक आहे. ती थेट कुठलं पान वर-खाली करत नाहीत, पण केलेला बदल बरा की वाईट हे त्यांच्या मतावरून जोखतात.

आता मराठीकडे येतो, कारण माझा जीव त्यात आहे.

मराठीत मशीनची पहिली अडचण म्हणजे आपली भाषा शब्द बदलते. इंग्रजीत रेन सगळीकडे रेनच. आपला पाऊस कुठे पावसात असतो, कुठे पावसाने, पावसाळी, पावसासकट. मूल असतं ते मुलाला होतं, फूल फुलाचं होतं. शब्दसूची जर नुसती अक्षरं जुळवत असेल तर 'पाऊस' शोधणाऱ्याला 'पावसात' असलेलं पान कधीच मिळणार नाही, 'पा'च्या पुढची अक्षरंच वेगळी. त्यात वीज आणि विज, संगणक, कॉम्प्युटर, कॉम्पुटर, सगळं चालू असतं. आणि एक गंमतशीर पण त्रासदायक गोष्ट, 'दुसऱ्या' हा शब्द घ्या, त्यातला तो अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन वेगवेगळ्या पद्धतीने साठवता येतो, डोळ्यांना दोन्ही एकसारखेच, मशीनला दोन वेगळे शब्द. मोठी सर्च इंजिनं हे बरंचसं सांभाळून घेतात, पण एखाद्या साइटच्या आतल्या सर्चमध्ये किंवा फाइलमध्ये 'दुसऱ्या' डोळ्यांसमोर असून सापडत नाही तेव्हा बहुतेकदा कारण हेच असतं.

त्याआधीचा काळ तर अजून कठीण. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं कॉम्प्युटरमध्ये साठवायची एकच ठरलेली पद्धत, रुळायच्या आधी मराठी पेपरांच्या साइट्स आपापल्या फॉन्टमध्ये असायच्या, फॉन्ट डाउनलोड केला तरच मराठी दिसायचं, नाहीतर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. क्रॉलरला ती खिचडीच दिसायची, म्हणजे पानावर 'ज्ञानेश्वर' लिहिलेलं असूनही सूचीत ज्ञानेश्वर हा शब्द नाही. त्या काळात मराठी पान दुसऱ्या मराठी माणसाला सापडायचं ते फक्त माणसाने सांगितलं म्हणून, मायबोलीसारख्या मराठी साइटवर कोणी लिंक दिली म्हणून, एखाद्याच्या पानाच्या कडेला 'माझ्या आवडत्या साइट्स' असं असायचं म्हणून.

मला असंच एक पान सापडलं होतं, सांगलीकडच्या एका निवृत्त मास्तरांचं. पिवळ्या पार्श्वभूमीवर नुसती यादी, प्रत्येक लिंकपुढे एक ओळ. एका जुन्या पत्रातला 'तसलमात' हा शब्द मला अडला होता, सर्च केलं तर तेव्हा कामाचं काहीच हाताला लागलं नाही. मास्तरांच्या यादीत ओळ होती: 'शिकागो विद्यापीठ. येथे मोल्सवर्थचा कोश पूर्ण आहे, शिवाय दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही. हिशेबी व दरबारी शब्दांसाठी दोन्ही पाहावेत.' बस. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या साइटवर आहे हे मला कुठल्या सर्च इंजिनने नाही, त्या एका ओळीने सांगितलं, आणि ती शेवटची सूचना की दोन्ही बघा, ती तर कुठलंच मशीन देणार नाही, कारण ती आयुष्यभर कागद चाळून आलेली आहे. (तसलमात म्हणजे खर्चासाठी उचल दिलेली, हिशेब यायचाय अशी रक्कम.)

अशी माणसं आज कमी झालीत का? अजिबात नाही, माझ्या ओळखीत डझनभर आहेत. पण ती आता व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. किल्ल्यांच्या ग्रुपवर कोणीतरी जुन्या गॅझेटियरची लिंक टाकतो, सोबत चार ओळी लिहितो की कुठलं प्रकरण बघा आणि कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, लोक अंगठा दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी ते शंभर गुड मॉर्निंगच्या खाली जातं. क्रॉलर तिथे जाऊ शकत नाही, जायलाही नको, ते खाजगी आहे. पण परिणाम असा की ज्या माणसांची मतं मोजून मराठीतलं चांगलं पान वर आलं असतं ती मतं उघड्या वेबवर पडतच नाहीत. मग मशीनला मोजायला काय उरतं, तर पैसे देऊन टाकलेल्या लिंका आणि एकमेकांची कॉपी मारलेली 'मराठी माहिती'वाली पानं, ज्यात विषय काढून दुसरा घातला तरी परिच्छेद तेच राहतील. आपण म्हणतो मराठीत सर्च केलं की काही धड येत नाही, पण माझं मत असं झालंय की त्यातला मोठा भाग मशीनचा दोष नाही, आपण उघड्यावर बोट दाखवणं बंद केलं त्याचा आहे.

आणि आता तर एआय थेट उत्तरच देतं, पण तेही बरंचसं उघड्या वेबवर जे लिहिलेलं आहे त्यावर शिकलेलं. डीमॉझवाला रिच स्क्रेंटा, त्याने मधे २०१० मध्ये ब्लेक्को नावाचं सर्च इंजिनही काढलं होतं, त्यात प्रश्नापुढे तिरकी रेघ देऊन विषय लिहिला की फक्त माणसांनी निवडलेल्या साइट्समध्येच शोध व्हायचा, म्हणजे तब्येतीचं काही विचारलं तर औषधं विकणारी पानं आपोआप बाहेर. मला ती कल्पना फार पटलेली होती पण २०१५ मध्ये आयबीएमने ते घेतलं आणि बंद झालं. हाच माणूस पुढे कॉमन क्रॉलचा प्रमुख झाला, म्हणजे वेबचा मोठा भाग गोळा करून खुला ठेवणारी ती संस्था, जिच्या साठ्यावर बरीच एआय मॉडेल्स शिकली. यादीवाला माणूस शेवटी क्रॉलरपाशी पोचला. आणि डीमॉझच्या स्वयंसेवकांनी कर्ली या नावाने ती यादी अजून चालू ठेवलीय.

चांगली यादी म्हणजे काय हे मी मास्तरांच्या पानावरूनच शिकलो. दहा लिंका पुरतात, पण प्रत्येकीपुढे ती का ठेवली याची एक ओळ हवी, शेवटचं कधी तपासलं ती तारीख हवी, आणि मेलेली लिंक काढायची लाज वाटता कामा नये. आणि पान उघड्यावर हवं, जिथे लॉगिन न करता कोणालाही वाचता येईल, माणसालाही आणि क्रॉलरलाही.

मास्तरांचं ते पान आता उघडत नाही. फुकट जागा देणारी कंपनी कधीच बंद झाली. गेल्या महिन्यात इंटरनेट अर्काइव्हच्या, जुन्या साइट्सच्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून बघितला तर एक प्रत मिळाली, पिवळ्या रंगासकट. ४१ लिंका होत्या, त्यातल्या ९ अजून चालतात. त्या नऊ मी माझ्या पानावर घेतल्या, प्रत्येकीपुढे मास्तरांचीच ओळ ठेवली आणि खाली आजची तारीख टाकली. शिकागोचा पत्ता मधे बदललाय, तो नवा शोधून लावला.